रहीमसरांची जागा

आपला धाराशिव जिल्हा पूर्वी हैदराबाद संस्थानात होता. तिथलेच सय्यद अब्दुल रहीम (१९०९–१९६३). मूळचे आपल्यासारखेच शाळामास्तर!

त्यांच्या हैदराबाद सिटी पोलीस संघानं मुंबईचा रोव्हर्स कप १९५० ते १९५४ असा सलग पाच वेळा जिंकला. भारतीय फुटबॉल संघालाही तेच शिकवायचे. १९५१ला आशियाई सुवर्ण, १९५६च्या मेलबर्न ऑलिम्पिकला चौथा क्रमांक. १९६२च्या जकार्ता अंतिम सामन्यात डोक्याला टाके पडलेल्या जर्नैल सिंग या बचावपटूला त्यांनी आघाडीला खेळवलं. त्यानं गोल केला, भारत २-१ नं जिंकला.

११ जून १९६३ला कर्करोगानं ते गेले. जागा लगेच भरली गेली. इंग्रज प्रशिक्षक हॅरी राइट आले आणि १९६४च्या आशिया चषकात भारत उपविजेता ठरला. पण खेळाडू बहुतेक रहीमसरांनीच घडवलेले होते. ती पिढी थकली. फुटबॉलचं आशियाई सुवर्ण आपल्याला पुन्हा मिळालेलं नाही.

त्यांचे शिष्य पी. के. बॅनर्जी मात्र पुढं नामवंत प्रशिक्षक झाले. खरा वारसा हाच.

आपल्या शाळेतले क्रीडाशिक्षकही एक दिवस निवृत्त होणार. त्याआधीच एखादा तरुण शिक्षक त्यांच्यासोबत मैदानावर उभा करूया. पद आदेशानं भरतं, अनुभव सोबत राहूनच मिळतो.