तांबड्या खडकातून पांढरी पूड काढणारे बायर
बिदर-कलबुर्गी सीमाभागातील पठारावर काळी माती मागे पडते आणि तांबडा जांभा दिसू लागतो. बिदरचा किल्ला याच खडकावर उभा आहे. गोव्यातल्या घरांचे चिरेही याच जातीचे. या खडकात लोहासोबत ॲल्युमिनियम असते, आणि त्याचे प्रमाण पुरेसे वाढले की खडकाला बॉक्साइट म्हणतात. त्यातून ॲल्युमिनियम वेगळे काढण्याची आजही रूढ असलेली पद्धत कार्ल योझेफ बायर यांची.

बायर १८४७ साली सिलेशियातील बिलिट्झ येथे जन्मले. हायडेलबर्गला ते बुन्सेन यांच्याकडे शिकले. शाळेतल्या बर्नरवाले तेच हे बुन्सेन. पुढे सेंट पीटर्सबर्गच्या कारखान्यात असताना कापडावर रंग पक्का बसवण्यासाठी त्यांना शुद्ध ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड हवे होते. द्रावणात त्याचेच थोडे स्फटिक विरजणासारखे टाकले की उरलेले आपोआप खाली बसते, हे त्यांना आढळले. १८८८ साली त्यांनी त्याचे पेटंट घेतले. नंतर दाबाखाली कॉस्टिक सोड्यात बॉक्साइट शिजवून लोह तांबड्या गाळात मागे ठेवण्याची युक्तीही त्यांचीच. देशोदेशी या पद्धतीवर कारखाने उभे राहिले. मायदेशी स्वतःचा कारखाना मात्र त्यांना उभारता आला नाही. १९०४ साली त्यांचे निधन झाले.

रंगाऱ्यांसाठी काढलेली ती पांढरी पूड आज विजेच्या केबलच्या वेष्टणात मिसळतात. सुमारे दोनशे अंशांपुढे तापली की ती उष्णता शोषून वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याइतके पाणी वाफेच्या रूपात सोडते, आणि उरलेल्या ऑक्साइडचा थर ज्वाला अडवतो. क्लोरीन-ब्रोमीनयुक्त अग्निरोधकांसारखा विषारी धूर तिच्यातून निघत नाही. बोगद्यात किंवा बंद जिन्यात अडकलेल्या माणसाला ज्वालेआधी गाठतो तो धूरच.