कुशिंग यांची रोजकीर्द

बॉस्टनच्या एका इस्पितळात, 1890 नंतरच्या पहिल्या काही वर्षांतली गोष्ट. वैद्यकीचा एक विद्यार्थी शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाला इथरची भूल देत होता. हे काम तेव्हा शिकाऊ मुलांवरच सोपवलेले असे. इथर किती द्यायचे, कुठे थांबायचे, सगळा अंदाजाचा कारभार. त्या दिवशी रुग्ण दगावला. वरिष्ठांना त्यात फारसे नवल वाटले नाही. विद्यार्थ्याला मात्र वैद्यकीच सोडून द्यावीशी वाटली.

त्याने ती सोडली नाही, हे आपले भाग्य. तो विद्यार्थी म्हणजे मेंदूच्या शस्त्रक्रियेचे जनक मानले जाणारे डॉ. हार्वी कुशिंग. जन्म 1869, क्लीव्हलंडचा. घराणे डॉक्टरांचे आणि हे दहा भावंडांतले धाकटे. त्या मृत्यूवर त्यांनी शोधलेला उपाय अगदी साधा होता. सहाध्यायी कॉडमन यांच्याबरोबर पैज लावून त्यांनी भूल दिलेल्या रुग्णाच्या नाडीची आणि श्वासाची थोड्या थोड्या मिनिटांनी कागदावर नोंद करायला सुरुवात केली. हरणाऱ्याने जेवण द्यायचे. ज्याचे आयुष्य बँकेच्या खातेवह्यांत गेले, त्याला या उपायाचे मोल लगेच कळते. चूक कुठे झाली हे रोजची नोंद असेल तरच सापडते.

1901 साली ते इटलीत पाव्हिया गावी गेले. तिथे रीवा-रोच्ची यांचे रक्तदाब मोजण्याचे उपकरण त्यांनी पाहिले आणि ते अमेरिकेत आणले. नाडीवर बोट ठेवून निदान करण्यात हयात गेलेल्या जुन्या डॉक्टरांना हे खूळ वाटले. आज दंडाला पट्टा बांधल्याशिवाय डॉक्टरांची भेट पुरी होत नाही.

बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये ते शस्त्रक्रिया शिकवत, ती कुत्र्यांवर. हा भाग वाचताना आपल्याला अवघडल्यासारखे होते आणि व्हायलाही हवे. मेंदूच्या तळाची पियूषिका ग्रंथी काढली तर काय होते हे पाहण्यासाठी त्यांनी अनेक कुत्र्यांचे प्राण घेतले. पण त्यांचा दंडक असा, की कुत्र्यालाही माणसासारखीच भूल द्यायची, तेवढीच स्वच्छता पाळायची आणि प्रत्येकाची नोंद ठेवायची. लोक आपली आजारी कुत्रीही त्या प्रयोगशाळेत घेऊन येत आणि त्यांच्यावर उपचार होत.

1912 च्या ग्रंथात त्यांनी एका 23 वर्षांच्या तरुणीची हकिगत लिहिली. चेहरा गोल झालेला, पोट सुटलेले, अंगावर नको तिथे केस. वीस वर्षे ते अशा रुग्णांच्या नोंदी जमवत राहिले आणि 1932 मध्ये बारा जणांच्या हकिगती मांडून दोष पियूषिकेतल्या बारीकशा गाठीचा असल्याचे त्यांनी सांगितले. पुढे सगळी साखळी उलगडली. ही गाठ मूत्रपिंडावर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींना सतत हाकत राहते आणि त्या गरजेपेक्षा जास्त कॉर्टिसॉल ओततात. रोगाला कुशिंग यांचेच नाव मिळाले.

हा रोग माणसात विरळा, पण म्हाताऱ्या कुत्र्यांत चांगलाच आढळतो. घरातला आठ-दहा वर्षांचा कुत्रा एकाएकी भांडे भांडे पाणी पिऊ लागतो, घरात लघवी करतो, अधाशासारखा खातो, धापा टाकतो. पोट लोंबते, दोन्ही कुशींवरचे केस झडतात. आपण म्हणतो, वय झाले. शंभरातल्या 80 ते 85 कुत्र्यांत मूळ पियूषिकेत असते, उरलेल्यांत अधिवृक्क ग्रंथीवरच गाठ असते. काहींना मात्र खाजेसाठी दीर्घकाळ दिलेल्या स्टेरॉइडनेच ही लक्षणे येतात. तेव्हा ते औषधही आपल्या मनाने एकदम बंद करायचे नसते.

उपचाराचे पहिले औषधही कुत्र्यांमुळेच सापडले. डीडीटीच्या कुळातले एक रसायन दिल्यावर कुत्र्यांच्या अधिवृक्क ग्रंथी झडतात, असे 1949 मध्ये अमेरिकेत दिसून आले. त्यातून मायटोटेन आले. ते ग्रंथीचा थर जाळते. त्यामुळे सुरुवातीच्या दिवसांत मालकाने कुत्र्याच्या ताटलीवर नजर ठेवायची आणि त्याची भूक मंदावली की डॉक्टरांना लगेच कळवायचे. आज अधिक वापर होतो तो ट्रायलोस्टेनचा. अमेरिकेत कुत्र्यांसाठी त्याला 2008 मध्ये परवानगी मिळाली. ते ग्रंथी सहसा जाळत नाही, कॉर्टिसॉल बनण्यातली एक पायरी अडवते. अन्नाबरोबर द्यायचे. गाठ त्याने जात नाही, फक्त तिचा उपद्रव आवरला जातो.

पण आवरणे आणि आवळणे यांत अंतर थोडे. कॉर्टिसॉल फारच उतरले तर कुत्रा जेवण सोडतो, ओकतो, लुळा पडतो. अशा वेळी पुढची गोळी न देता तडक डॉक्टर गाठायचा, नाहीतर जीव जातो. म्हणून दहा-चौदा दिवसांनी, महिन्याने, तीन महिन्यांनी आणि पुढे दर तीन महिन्यांनी रक्त तपासायचे. घरी वहीत लिहायचे, आज पाणी किती प्याला, जेवला का.

कुशिंग स्वतः सोपे गृहस्थ नव्हते. हाताखालच्यांना ते धारेवर धरत. घराकडे त्यांचे लक्ष नसे. 1926 मध्ये थोरला मुलगा मोटार अपघातात गेल्याची बातमी आली, त्या दिवशीही त्यांनी ठरलेली शस्त्रक्रिया पार पाडली. त्याच वर्षी गुरू ऑस्लर यांच्या चरित्रासाठी त्यांना पुलित्झर पारितोषिक मिळाले. 1931 पर्यंत मेंदूतल्या दोन हजार गाठींवर त्यांचा हात फिरला होता. शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू त्यांनी शंभरात दहाच्या खाली आणले. सिगारेट मात्र सुटली नाही. 1939 च्या ऑक्टोबरात हृदयविकाराने ते गेले. शवविच्छेदनात त्यांच्याच मेंदूत एक लहानशी गाठ आढळली.

ज्या प्राण्यावर ते शिकले, त्याच प्राण्याच्या दुखण्याला आज त्यांचे नाव आहे. या ऋणाची फेड केवळ औषधाने होत नाही. गोळी महाग असते, तपासण्या त्याहून महाग, आणि चार दिवस बरे गेले की आपण अंदाजावर येतो. बॉस्टनच्या त्या विद्यार्थ्याचा रुग्ण अशा अंदाजानेच गेला होता. म्हाताऱ्या कुत्र्याला आपले दुखणे सांगता येत नाही. त्याच्या वतीने नोंद ठेवायची, ती आपणच.