अर्ध्या बोटाची वाट

मध हा मनुष्याच्या फार जुन्या ओळखीचा पदार्थ आहे. साखर घरोघरी पोहोचली नव्हती तेव्हा कित्येक देशांत गोडासाठी लोकांना मधाचाच आधार असे. परंतु हा मध मिळविण्याची जुनी रीत मोठी निर्दय होती. युरोपात व अमेरिकेत शेतकरी पेंढ्याच्या विणलेल्या टोपल्यांत, पोकळ ओंडक्यांत किंवा साध्या खोक्यांत मधमाश्या पाळीत. माश्या आपली पोळी ह्या घरांच्या छतांना व भिंतींना घट्ट चिकटवून बांधीत. पोळे कापल्यावाचून आत काय चालले आहे, हे कोणास कळत नसे. उन्हाळा सरला, की शेतकरी एकेक टोपली उचलून तिचे वजन अजमावी. सर्वांत जड टोपलीत मध भरपूर असे, म्हणून ती निवडली जाई. सर्वांत हलक्या टोपलीतील माश्या हिवाळ्यात उपासमारीने मरावयाच्याच, म्हणून तीही निवडली जाई. मग खड्ड्यात गंधक पेटवून त्यावर ह्या टोपल्या ठेवीत. त्या धुराने हजारो माश्या गुदमरून मरत आणि मग त्यांचा मध काढून घेतला जाई. ज्या वसाहतीने सर्वांत अधिक कष्ट केले, तिच्या वाट्यास अशा प्रकारे मरण येई!

माश्यांना न मारता त्यांच्याकडील जास्तीचा मध घेता येईल अशी सोपी पेटी ज्यांनी तयार केली, त्या लोरेन्झो लँगस्ट्रॉथ ह्यांची ही हकीकत आहे.

लोरेन्झोचा जन्म अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरी २५ डिसेंबर १८१० रोजी झाला. लहानपणापासून त्याला किड्यामुंग्यांचे विलक्षण वेड. इतर मुले खेळण्यात गुंतलेली असत, तेव्हा हा बागेतील खडीच्या वाटेवर गुडघे टेकून मुंग्यांची रांग न्याहाळीत बसे. मुंगी ओझे कशी उचलते, वाटेत दुसरी भेटली म्हणजे काय करते, हे पाहता पाहता त्याला वेळेचे भान राहत नसे. खडीवर गुडघे घासून घासून विजारीला भोके पडत आणि त्यापायी त्याला घरी मारही खावा लागे. हा नाद म्हणजे वेळेचा अपव्यय, असे वडील मंडळींना वाटे. त्यांचा तरी काय दोष? मुंग्या पाहून कोणाचे पोट भरते?

पुढे लोरेन्झोने येल येथील प्रसिद्ध महाविद्यालयात शिक्षण घेतले. १८३१ साली तो पदवीधर झाला, काही काळ तेथेच त्याने शिकविण्याचे काम केले आणि १८३६ साली मॅसॅच्युसेट्स राज्यातील अँडोव्हर ह्या गावी तो धर्मोपदेशक झाला. ह्या सर्व वर्षांत बालपणीचे ते वेड कोठे दडून बसले होते कोण जाणे. पुस्तकांच्या ढिगाऱ्यात त्याचा मागमूसही उरला नव्हता.

१८३८ सालच्या उन्हाळ्यात लँगस्ट्रॉथ एका मित्राच्या घरी गेले असता त्यांना मेजावर एक मोठे गोल काचेचे भांडे दिसले. त्यात पांढऱ्याशुभ्र मेणाचे, मधाने गच्च भरलेले पोळे होते. त्या काळी काही हौशी माणसे मधमाश्यांच्या खोक्याच्या छताला भोक पाडून त्यावर असे भांडे पालथे ठेवीत. मधमाश्यांचा एक स्वभाव आहे. त्या अंडी व पिल्ले असलेली पोळी खाली ठेवतात आणि मधाचा साठा वरच्या अंगाला करतात. त्यामुळे खोके भरले, की त्या वरच्या भांड्यात चढून तेथे मध साठवू लागत. लँगस्ट्रॉथ ह्यांनी कुतूहलाने माश्या पाहण्याची इच्छा दर्शविली. मित्राने त्यांना माळ्यावर नेऊन आपली खोकी दाखविली. एवढ्याने त्यांचे बालपण जणू परत आले. त्या दिवशी घरी परतताना त्यांनी मधमाश्यांच्या दोन वसाहती विकत घेतल्या होत्या.

लँगस्ट्रॉथ ह्यांची प्रकृती मूळचीच नाजूक. मधूनमधून त्यांना मनाच्या एका विचित्र आजाराचे झटके येत. महिनेच्या महिने त्यांचे चित्त काळवंडून जाई व कशातही लक्ष लागत नसे. ह्या आजारामुळे त्यांना धर्मोपदेशकाचे काम वारंवार सोडावे लागले. त्यांनी मुलींच्या शाळांत शिकविले, गावे बदलली आणि १८४८ साली ते फिलाडेल्फियास परत आले. मोकळ्या हवेतील कामाने बरे वाटते म्हणून माश्यांची निगा ते स्वतः राखू लागले. ह्या विषयावरील ग्रंथही त्यांनी मिळवून वाचले. स्वित्झर्लंडमधील फ्रान्स्वा ह्यूबर ह्या अंध संशोधकाने पुस्तकाच्या पानांप्रमाणे उघडणारी पेटी तयार केली होती, तिचा त्यांनी अभ्यास केला. डोळ्यांनी न दिसणाऱ्या ह्यूबरने आपल्या सेवकाच्या डोळ्यांनी मधमाश्यांचे जीवन पाहिले, ही गोष्टही मोठी नवलाची आहे. परंतु ती पुन्हा केव्हातरी. ह्यूबरची पेटी निरीक्षणासाठी उत्तम होती. रोजच्या कामास मात्र ती सोयीची नव्हती.

लँगस्ट्रॉथ ह्यांच्या स्वतःच्या पेट्यांत त्या वेळी वरच्या बाजूस लाकडी पट्ट्या आडव्या ठेवलेल्या असत. माश्या त्या पट्ट्यांना पोळी लोंबकळत बांधीत. पट्ट्यांवर झाकणासारखी एक फळी असे व त्या फळीवर मध साठविण्याची भांडी ठेवीत. अडचण अशी, की माश्या झाडांपासून आणलेल्या चिकट राळेने ती फळी पट्ट्यांना पक्की चिकटवून टाकीत. ती उचकटताना पेटीला धक्के बसत व माश्या चवताळत. १८५१ सालच्या उन्हाळ्यात लँगस्ट्रॉथ ह्यांनी पट्ट्या थोड्या खाली बसविल्या आणि फळी व पट्ट्या ह्यांच्यामध्ये सुमारे तीन अष्टमांश इंच, म्हणजे जेमतेम अर्ध्या बोटाची जागा मोकळी सोडली. मग पाहतात तो काय! माश्यांनी ती जागा राळेने भरली नाही आणि तेथे पोळेही बांधले नाही. जाण्यायेण्याची वाट म्हणून त्यांनी ती जशीच्या तशी मोकळी ठेवली. आता फळी सहज उचलता येऊ लागली.

तरीही मुख्य अडचण उरलीच होती. पोळ्यांच्या कडा पेटीच्या भिंतींना चिकटलेल्या असत. प्रत्येक वेळी सुरीने त्या कापाव्या लागत, मध सांडे, माश्या मरत. ऑक्टोबर महिना संपत आला होता. एके दिवशी दुपारी ह्याच विचारात असताना लँगस्ट्रॉथ ह्यांच्या मनात एकाएकी प्रकाश पडला. जी जागा माश्यांनी फळीखाली मोकळी ठेवली, तीच जागा पोळे व भिंत ह्यांच्यामध्ये सोडली तर? पट्टीला दोन बाजू व तळ जोडून तिची पुरी चौकट करावी. ही चौकट पेटीत अशी टांगावी, की तिच्या चहूबाजूंस तेवढेच अंतर राहील. माश्या पोळे चौकटीच्या आत बांधतील आणि बाहेरची जागा वाट म्हणून सोडतील. तसे झाले, तर एखाद्या ग्रंथालयातून पुस्तक काढावे तसे कोणतेही पोळे बाहेर काढून पाहता येईल व पुन्हा जागेवर ठेवता येईल! भर रस्त्यात मोठ्याने ओरडावे असा आनंद त्यांना झाला. परंतु त्यांनी स्वतःला आवरले. हिवाळा तोंडावर आला होता, त्यामुळे प्रत्यक्ष प्रयोगासाठी पुढील वसंतापर्यंत थांबणे भाग होते. १८५२ साली त्यांनी आपल्या पेट्या करवून घेतल्या आणि कल्पना खरी ठरली.

ह्या अंतराचे मर्म नीट समजून घेतले पाहिजे. जागा पाव इंचाहून कमी असेल, तर माश्या ती राळेने बुजवून टाकतात. तीन अष्टमांश इंचाहून बरीच अधिक असेल, तर तेथे मेण लावून पोळे बांधतात. ह्या दोहोंच्या मधले अंतर त्यांना जाण्यायेण्यास हवे असते. माश्या हा नियम युगानुयुगे पाळीत आल्या होत्या. युरोपात इतर संशोधकही त्याच्या जवळ पोहोचले होते. सायलेशियातील झिर्झोन ह्यांनी सुट्या पट्ट्यांच्या पेट्या ह्यापूर्वीच केल्या होत्या, पण त्यांत पोळ्याच्या कडा कापाव्याच लागत. चौकटीच्या सर्व बाजूंस तो नियम लागू करण्याचे श्रेय लँगस्ट्रॉथ ह्यांचे आहे.

आता वरच्या काचेच्या भांड्याची जागा दुसऱ्या पेटीने घेतली. खालच्या पेटीस शिशुकक्ष म्हणतात. तेथे राणी अंडी घालते, पिल्ले वाढतात आणि माश्यांचा स्वतःचा अन्नसाठा राहतो. फुलांचा बहर आला व खालच्या चौकट्या माश्यांनी गजबजल्या, की तिच्यावर बिनतळाची दुसरी पेटी ठेवतात. तो मधुकक्ष होय. ही पेटी केव्हा ठेवावी, ह्यात पाळणाऱ्याचे कसब आहे. फार लवकर ठेवली, तर माश्यांना रिकाम्या जागेतही ऊब राखावी लागते. फार उशीर केला, तर दाटी होऊन निम्म्या माश्या जुन्या राणीसह घर सोडून उडून जातात. राणीने वर येऊन अंडी घालू नयेत म्हणून पुष्कळदा दोन कक्षांच्या मध्ये एक जाळी ठेवतात. तिच्यातून कामकरी माश्या जातात, पण अंगाने मोठी असलेली राणी जाऊ शकत नाही. फुलांचा रस पातळ असतो. माश्या पंखांनी वारा घालून त्यातील पाणी उडवितात आणि मध पक्व झाला, की घराच्या तोंडावर मेणाचे झाकण लावतात. चौकटीतील बहुतेक घरे अशी बंद झाली, म्हणजे ती काढावयास योग्य झाली असे समजावे. एक पेटी भरली, तर बहर टिकेपर्यंत आणखी एक ठेवता येते. पूर्ण उंचीची पेटी मधाने भरली, की तिचे वजन ३० किलोग्रॅमहूनही अधिक होते, म्हणून पुष्कळजण मधुकक्षासाठी उथळ पेट्या पसंत करतात. घ्यावयाचा तो वरचा मध. खालचा माश्यांचा, हा ह्या पेटीचा साधा हिशेब.

१८६५ साली ऑस्ट्रियाच्या सैन्यातील ह्रुश्का नावाच्या अधिकाऱ्याने पोळे गरगर फिरवून मध बाहेर फेकणारे यंत्र दाखविले. चौकट सुटी होती म्हणूनच हे यंत्र उपयोगी पडले. मध निघाला, तरी पोळे मोडत नसे. ते पुन्हा पेटीत ठेवले, की माश्या लागलीच भरू लागत. मेण तयार करण्यासाठी माश्यांना त्याच्या कितीतरी पट मध खावा लागतो. तो सर्व मध आता वाचू लागला.

ह्या शोधाने लँगस्ट्रॉथ श्रीमंत झाले असतील, असे तुम्हांस वाटेल. त्यांना ५ ऑक्टोबर १८५२ रोजी पेटीचे सरकारी एकस्व मिळाले, म्हणजे त्यांच्या अनुमतीवाचून ती पेटी कोणी करू नये असा हक्क मिळाला. पण पेटी इतकी सोपी होती, की कोणताही सुतार एकदा पाहून ती बनवू शके. गावोगावी लोक ती करू व विकू लागले. लँगस्ट्रॉथ ह्यांनी न्यायालयात दाद मागितली. त्यात पैसा गेला, शक्ती गेली आणि हाती काही आले नाही. ज्ञान मात्र त्यांनी लपवून ठेवले नाही. १८५३ साली त्यांनी मधमाशीपालनावर ग्रंथ लिहून आपली सारी रीत जगापुढे मांडली. तो ग्रंथ पुढे अनेकदा सुधारून छापला गेला.

१८५८ साली ते ओहायओ राज्यातील ऑक्सफर्ड गावी राहावयास गेले. तेथे त्यांनी माश्यांसाठी फुलझाडे लावली आणि मुलगा जेम्स ह्याच्या साहाय्याने इटलीतील शांत स्वभावाच्या माश्यांच्या राण्या वाढवून दूरदूर पाठविल्या. जुना आजार मात्र पाठ सोडीना. तो उलटला म्हणजे ज्या माश्यांवर त्यांनी जीव लावला, त्यांचा गुणगुणाटही त्यांना सोसवत नसे. झटका ओसरला, की हेच गृहस्थ पुन्हा हसतमुखाने पेट्यांजवळ दिसत. १८७० साली जेम्स वारला, १८७३ साली पत्नी गेली. तरी त्यांच्या बोलण्यात कोणाविषयी कडवटपणा नसे.

त्यांच्या हयातीतच ती पेटी अनेक देशांत गेली. आपल्याकडील सातेरी माशी युरोपीय माशीहून लहान. तिला वाटही थोडी अरुंद लागते. म्हणून विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात दक्षिण भारतातील न्यूटन नावाच्या पाद्र्यांनी ह्याच तत्त्वावर लहान पेटी तयार केली. रानातून पोळे आणून ते पिळण्याच्या रीतीत मधाबरोबर पिल्लेही चिरडत. ह्या पेटीने ते टळले. महाबळेश्वरच्या डोंगरात जांभूळ व कारवी फुलते, तेथील पाळीव माश्यांच्या पेट्यांतही चौकटीभोवती तीच मोकळी वाट दिसते.

१८८७ साली लँगस्ट्रॉथ आपल्या मुलीच्या कुटुंबासह डेटन शहरी राहावयास गेले. ६ ऑक्टोबर १८९५ हा रविवार होता. तेथील प्रार्थनामंदिरात त्यांना प्रवचनासाठी बोलाविले होते. त्यांचे वय ८४ वर्षांचे होते. अशक्तपणामुळे त्यांनी बसूनच बोलण्याची अनुमती घेतली आणि परमेश्वराच्या प्रेमाविषयी बोलण्यास आरंभ केला. थोडी वाक्ये झाली असतील नसतील, तोच त्यांचा आवाज थांबला आणि त्याच ठिकाणी त्यांनी प्राण सोडला. ऑक्सफर्ड येथील त्यांचे घर विद्यापीठाच्या आवारात जतन करून ठेवण्यात आले आहे.