चिठ्ठीने निवडलेले शेत



भातकापणीच्या दिवसांत आपल्या बालाघाट जिल्ह्यात पटवारी बांधावर येतात. गावातील मोजक्याच शेतांत ते चौकोन आखतात आणि तेवढेच धान कापून, झोडून त्याचे वजन घेतात. ही शेते कोणाच्या मर्जीने नव्हे, तर जणू चिठ्ठ्या टाकून निवडलेली असतात. ही रीत देशभर रुजविण्यात ज्यांचा मोठा वाटा, ते डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे.

सातारा जिल्ह्यातील बुध या गावी १९११ साली त्यांचा जन्म झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवी घेऊन ते लंडनला गेले व १९३६ साली संख्याशास्त्रात डॉक्टर झाले. पुढे ते दिल्लीच्या कृषी संशोधन परिषदेत रुजू झाले. त्या काळी पिकाचा अंदाज आणेवारीने, म्हणजे नजरेने, बांधीत. १९४३ साली बंगालमध्ये लक्षावधी माणसे भुकेने मेली. धान्य किती पिकले हेच ठाऊक नसेल, तर ते कोठे किती पोहोचवावे हे कसे कळणार?

सुखात्म्यांनी प्रत्यक्ष कापणीचा मार्ग धरला. त्यामागचे गणित पाहा. गावात पाच शेते आहेत, त्यांतील दोन बुडालेली. आपण दोन चिठ्ठ्या काढणार. पहिली चिठ्ठी बुडालेल्या शेताची निघण्याचा संभव पाचांत दोन. ती बाजूला ठेवली की उरल्या चार, त्यांत बुडालेल्या शेताची एकच. म्हणून दोन्ही तशाच निघण्याचा संभव दहांत एक. पहिली चिठ्ठी परत टाकली असती तर तो पंचविसांत चार झाला असता; शिवाय तेच शेत दुसऱ्यांदा निघून नवे काहीच कळले नसते.

पण चिठ्ठी निष्पक्ष असली तरी हात तसा नसतो. चौकोन फार लहान असला की कापणारा हद्दीवरची रोपे आत घेतो व उत्पन्न फुगते, हे सुखात्म्यांनी १९४६ साली दाखवून दिले.

१९५१ पासून सुमारे वीस वर्षे त्यांनी रोम येथे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत जगाच्या भुकेचा हिशेब मांडला. १९७१ साली त्यांना पद्मभूषण मिळाले; १९९७ साली ते निवर्तले.

बंधुभगिनींनो, आपल्या शेताची चिठ्ठी निघाली, तर चौकोन सरकवू नये. चांगल्या पिकाकडेही नाही आणि वाईटाकडेही नाही. त्या मूठभर धानावर पिकाचा अंदाज ठरतो.