टाइपस्क्रिप्टच्या लाल रेघांना वैतागलाय? मग हा माणूस तुम्हाला माहीत असायलाच पाहिजे

पायथॉनमध्ये तुम्ही जो ‘लॅम्बडा’ लिहिता, तो अलोंझो चर्च यांचा. आणि त्याला ‘टाइप’चा लगाम घालणारेही तेच.

जन्म १९०३ चा, वॉशिंग्टनचा. पोरवयातच एअरगनच्या अपघातात एक डोळा गेला. पुढे रस्ता ओलांडताना ट्रामने उडवलं, तर हॉस्पिटलात शिकाऊ नर्स भेटली आणि १९२५ मध्ये तिच्याशीच लग्न झालं. १९२७ ला प्रिन्स्टनची पीएचडी, मग तिथेच मास्तरकी.

१९३२ मध्ये चर्च यांनी सगळं गणित फंक्शनवर उभं करायचा घाट घातला. नियम एकदम मोकळे. फंक्शन आकड्याला लावा, दुसऱ्या फंक्शनला लावा, अगदी स्वतःलाच लावा. अडवणारं कुणी नाही.

इथेच घोळ झाला. क्लीन आणि रॉसर या त्यांच्याच दोन विद्यार्थ्यांनी १९३५ मध्ये दाखवून दिलं, की या पद्धतीत काहीही सिद्ध करता येतं. खरंही आणि खोटंही. म्हणजे सगळा डोलाराच कोसळला.

दुसरा असता तर नाद सोडला असता. चर्च यांनी तर्काचा भाग कापला आणि नुसता हिशोबाचा लॅम्बडा ठेवला. त्यातून १९३६ मध्ये सिद्ध केलं, की गणितातलं प्रत्येक विधान खरं की खोटं हे ठरवणारी यांत्रिक रीत असूच शकत नाही. अॅलन ट्युरिंग स्वतंत्रपणे तिथेच पोहोचले होते, ते पुढे यांच्याच हाताखाली पीएचडीला आले.

पण तर्काचं काय? त्यावरचा इलाज आला १९४० मध्ये. टाइपची मूळ कल्पना बर्ट्रांड रसेल यांची, चर्च यांनी ती लॅम्बडाला जोडली. प्रत्येक गोष्टीला टाइप. तीन पिनचा प्लग दोन पिनच्या सॉकेटात जात नाही, तसंच. ‘अ’ घेऊन ‘ब’ देणाऱ्या फंक्शनचा टाइप ‘अ पासून ब’. ते स्वतःलाच लावायचं तर ‘अ’ आणि ‘अ पासून ब’ एकच हवेत. ते शक्य नाही, त्यामुळे तसं लिहिताच येत नाही. भगदाड बंद.

किंमतही मोजावी लागली. टाइप लावलेल्या या लॅम्बडात प्रत्येक हिशोब कधीतरी संपतोच. ऐकायला छान वाटतं, पण साध्या प्रोग्रॅममध्ये लागणारे कितीतरी लूप त्यात बसत नाहीत. १९४१ च्या पुस्तकात चर्च परत मोकळ्या लॅम्बडाबद्दलच लिहितात. टाइपवाल्यांनी आणि बिनटाइपवाल्यांनी ऑनलाइन भांडताना एवढं तरी लक्षात ठेवावं.

पुढे जॉन मॅकार्थी यांनी लिस्प भाषेत लॅम्बडा घेतला, टाइप मागेच राहिले. जावास्क्रिप्टवर ते टाइपस्क्रिप्टने २०१२ मध्ये चढवले. पायथॉनला टाइप हिंट मिळाल्या २०१५ मध्ये, पण प्रोग्रॅम चालताना पायथॉन स्वतः त्या तपासत नाही. चर्च यांच्याकडे असली सवलत नव्हती.

ते १९९० पर्यंत शिकवत राहिले आणि ११ ऑगस्ट १९९५ ला गेले. त्याच वर्षी डिसेंबरात जावास्क्रिप्टची घोषणा झाली. व्हेरिएबलला टाइप लिहायची सोय तिच्यात नव्हती.