नवव्या मुलाची गाणी

शाळेच्या कार्यक्रमात कोणते गाणे बसवायचे, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नसतो. आपल्याकडे गॅदरिंग जवळ आले की बाई आणि मुले यांच्यात रस्सीखेच सुरू होते. मुलांना त्या वर्षीचे गाजलेले गाणे हवे असते, बाईंना ‘चांगले’ गाणे हवे असते आणि पालकांना आपले मूल पहिल्या रांगेत दिसायला हवे असते. जपानमध्ये या प्रश्नाला आणखी धार आहे. तिथल्या कितीतरी शाळांत दरवर्षी वर्गावर्गांमध्ये समूहगानाची स्पर्धा होते. गाणारा सगळा वर्ग, हातवारे करून ताल सांभाळणारा त्याच वर्गातला आणि पियानोवर बसणारी मुलगीही त्याच वर्गातली. अभ्यासात पुढे असलेले, मागे पडलेले, कोणाशी न बोलणारे, आवाज नुकताच फुटलेले, अशा सगळ्यांना एकाच गाण्यात सामावून घ्यायचे असते.

मी पुण्यात जपानी शिकवते. आमच्या वर्गाचाही वर्षातून एक छोटासा कार्यक्रम असतो. उभारी देणारे एखादे जपानी पॉप गाणे सुचवा, अशी विद्यार्थ्यांची मागणी ठरलेली. मी यादी करते, नवी गाणी आवर्जून घालते आणि शेवटी एक जुने नाव लिहिते : क्यू साकामोतो. एका वर्षी एका विद्यार्थिनीने मला अडवले. ज्या गाण्यातला माणूस डोळ्यांतले पाणी आवरत एकटाच चालला आहे, ते गाणे उभारी देणारे कसे, असा तिचा सवाल होता. सवाल रास्त होता. त्याचे उत्तर मला क्यू साकामोतोच्या आयुष्यात सापडते.

क्यूचा जन्म १० डिसेंबर १९४१ चा, तोक्योला खेटून असलेल्या कावासाकी या कारखान्यांच्या शहरातला. पर्ल हार्बरवरच्या हल्ल्याला तेव्हा जेमतेम दोन-तीन दिवस झाले होते. घरातले हे नववे अपत्य, म्हणून नावच ‘नऊ’ ठेवले. त्या चित्रलिपीचा एक उच्चार ‘हिसाशी’, तर दुसरा ‘क्यू’. पुढे सगळा देश त्याला लाडाने क्यू-चान म्हणू लागला. युद्धाच्या काळात आई त्याला घेऊन इबाराकी प्रांतातल्या कासामा या आपल्या माहेरच्या गावी गेली. तिथून १९४९ मध्ये ती कावासाकीला परतली, तेव्हा जपान हरलेला होता आणि अमेरिकन सैन्याच्या रेडिओवरचे संगीत घराघरांत शिरत होते. एल्विस प्रेस्लीने या मुलाला वेड लावले. शाळकरी वयातच तो हुबेहूब एल्विससारखा गाऊन मित्रांना हसवू लागला. १९५८ मध्ये तो ‘ड्रिफ्टर्स’ या बँडमध्ये शिरला आणि त्याच वर्षी तोक्योच्या नामांकित रंगमंचावर उभा राहिला. त्याचा चेहरा गोल, त्यावर मुरुमांचे डाग आणि हसू मात्र प्रसन्न. देखणा म्हणावा असा तो नव्हता. शेजारचा मुलगा वाटावा असा होता. लोकांना तेच आवडले.

१९६० हे जपानसाठी खदखदीचे वर्ष होते. अमेरिकेबरोबरच्या सुरक्षा कराराविरुद्ध लाखो लोक रस्त्यावर उतरले. त्या धुमश्चक्रीत एका विद्यार्थिनीचा जीव गेला आणि एवढे होऊनही करार झालाच. या मोर्चांमध्ये एइ रोकुसुके नावाचा तरुण गीतकार होता. मोर्चाहून परततानाची हताशा मनात ठेवून त्याने ‘उए ओ मुइते आरुको’ म्हणजे ‘वर बघत चालूया’ हे गीत लिहिले, असे सांगितले जाते. चाल दिली नाकामुरा हाचिदाई यांनी. गीतकाराच्या नावात ‘रोकु’ म्हणजे सहा, संगीतकाराच्या नावात ‘हाचि’ म्हणजे आठ आणि गायक तर साक्षात नऊ. लोकांनी या त्रिकुटाचे नावच ‘सहा-आठ-नऊ’ पाडून टाकले.

१९६१ च्या उन्हाळ्यात क्यूने हे गाणे पहिल्यांदा मंचावर म्हटले, तेव्हा एइ चिडले होते. एल्विसच्या वळणाने शब्द ताणत, मध्येच उचकी लागल्यासारखा हिसका देत त्याने गायले. आपल्या शब्दांची ही थट्टाच आहे, असे गीतकाराला वाटले. श्रोत्यांना तसे वाटले नाही. गाणे दूरचित्रवाणीवर गेले, ऑक्टोबरात तबकडी निघाली आणि देशभर शीळ घुमू लागली. हो, या गाण्यात शीळ आहे. शब्द संपले तरी माणूस चालतोच आहे, हे ती शीळ सांगते. गीतात पराभव आहे, एकटेपण आहे. पण चाल थबकत नाही, ती पाऊल पुढे टाकत राहते. रडू आणि चालणे एकाच वेळी करता येते, हे एकोणीस वर्षांच्या एका मुलाने हसऱ्या आवाजात गाऊन दाखवले.

मग हे गाणे समुद्र ओलांडून गेले. इंग्लंडमधल्या केनी बॉल यांच्या जॅझ बँडने त्याची नुसती धून वाजवली आणि मूळ नाव कोणाला उच्चारता यायचे नाही म्हणून तिला ‘सुकियाकी’ हे नाव दिले. सुकियाकी म्हणजे मांस आणि भाज्या घालून शिजवलेला पातळ पदार्थ! आपल्या एखाद्या विराण्या भावगीताला परदेशात ‘पिठलं’ म्हणून विकावे, तसलाच हा प्रकार. पण त्याच नावाने क्यूच्या आवाजातली जपानी तबकडी अमेरिकेत आली आणि जून १९६३ मध्ये बिलबोर्डच्या यादीत तीन आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिली. युद्ध संपून अठराच वर्षे झाली होती. एकही शब्द न कळता अमेरिकन माणसे जपानी गाणे गुणगुणत होती. जपानी भाषेतले दुसरे कोणतेही गाणे त्यानंतर तिथे पहिल्या क्रमांकावर पोहोचलेले नाही.

शाळेशी क्यूचे नाते जोडले ते पुढच्या गाण्यांनी. ‘मिआगेते गोरान योरु नो होशि ओ’, म्हणजे रात्रीच्या चांदण्यांकडे वर बघ, हे मुळात एका संगीत नाटकातले गाणे. शब्द एइंचे, संगीत इझुमी ताकु यांचे. नाटक होते रात्रशाळेत शिकणाऱ्या मुलांचे. त्या काळी खेड्यांतली मुले पंधराव्या वर्षी शाळा संपवून गाडीभर शहरात यायची, दिवसा कारखान्यात राबायची आणि त्यांतली काही संध्याकाळी वर्गात बसायची. मुंबईच्या गिरणगावातल्या रात्रशाळा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना ही मुले लगेच ओळखू येतील. १९६३ मध्ये क्यूने हे गाणे घरोघरी पोहोचवले. त्याच वर्षाअखेरीस ‘आशिता गा आरु सा’, ‘उद्या आहेच की’, हे गाणे आले. आवडत्या मुलीशी बोलायचे धाडस न होणारा एक लाजरा मुलगा दर वेळी माघार घेतो आणि उद्यावर ढकलतो, एवढाच त्याचा विषय. ते लिहिणारे आओशिमा युकिओ पुढे १९९५ मध्ये तोक्योचे गव्हर्नर झाले. १९६४ मध्ये क्यूने टाळ्यांचे गाणेही गायले. फिलिपिन्समध्ये सेवाकार्याला गेलेल्या किमुरा रिहितो यांनी तिथल्या मुलांच्या तोंडची चाल मनात साठवून त्याला जपानी शब्द दिले होते. आपल्या बालवाड्यांतली मुले आनंदी असाल तर टाळी वाजवा, अशा अर्थाच्या ज्या इंग्रजी गाण्यावर डोलतात, त्याचेच हे जपानी भावंड.

पुढे लोकप्रियतेची लाट ओसरली. क्यू कडवट झाला नाही. १९७१ मध्ये अभिनेत्री काशिवागी युकिको यांच्याशी त्याचे लग्न झाले, दोन मुली झाल्या. १९७६ पासून तो होक्काइदोतल्या साप्पोरोच्या दूरचित्रवाणीवर अपंगांविषयीचा कार्यक्रम करू लागला. बहिऱ्यांनाही गाता यावे म्हणून हातांच्या खुणांनी म्हणायचे गाणे त्याने गायले. या कामात मिरवण्यासारखे काही नव्हते, तरी ते अखेरपर्यंत चालले.

१२ ऑगस्ट १९८५ रोजी, पितरांच्या ओबोन सणाच्या तोंडावर, ओसाकाला जाणाऱ्या विमानात तो बसला. एका परिचिताच्या निवडणूक प्रचारासाठी तो निघाला होता. विमानाच्या मागच्या भागाची काही वर्षांपूर्वीची दुरुस्ती सदोष झाली होती. तो भाग हवेतच फुटला आणि अर्ध्या तासाच्या झगड्यानंतर विमान गुन्मा प्रांतातल्या डोंगरावर कोसळले. ५२४ जणांपैकी चारच वाचले. क्यू त्रेचाळीस वर्षांचा होता.

त्या दिवसानंतर वर बघत चालण्याचे ते गाणे जपानी माणसाला पूर्वीसारखे ऐकता येईना. गाणाराच आकाशातून हरवला होता. पण लोकांनी गाणे टाकले नाही. ते शाळेच्या संगीताच्या पुस्तकांत राहिले. ११ मार्च २०११ च्या भूकंप आणि त्सुनामीनंतर अनेक कलावंतांनी एकेक ओळ वाटून घेत ‘वर बघत चालूया’ आणि ‘चांदण्यांकडे बघ’ ही दोन गाणी दूरचित्रवाणीवर म्हटली. सर्वस्व गमावलेल्या माणसासमोर नुसते आनंदाचे गाणे म्हणणे क्रूर ठरले असते. या गाण्यांना मात्र दुःख आधीच ठाऊक होते.

त्या विद्यार्थिनीला मी हेच सांगितले. चाळीस जणांच्या वर्गात एखादा नापास झालेला असतो, एखादीच्या घरी नुकतेच कोणी गेलेले असते. केवळ जल्लोषाच्या गाण्यात अशा मुलांनी ओठ हलवायचे आणि आतून गप्प राहायचे. उभारीचे गाणे ते, ज्यात त्यांनाही खरेपणाने सूर लावता येतो.

आकाशातल्या एका लघुग्रहाला आता क्यू साकामोतोचे नाव आहे, हे योग्यच झाले. मला मात्र त्याहून मोठा मान दुसरा वाटतो. त्याच्या जन्मगावी, कावासाकीच्या खासगी रेल्वेच्या स्थानकावर, २००८ मध्ये गाडी येत असल्याची सूचना म्हणून याच गाण्याची धून लावण्यात आली. कामावरून परतणारी दमलेली माणसे आणि दप्तरे सावरत उभी असलेली पोरे. गाण्याला याहून चांगली जागा सापडली नसती.