शिल्पकार रामकिंकर

रामकिंकर बैज यांचा जन्म १९०६ साली बंगालमधील बांकुरा येथे एका गरीब नाभिक कुटुंबात झाला. मूर्तिकारांच्या सहवासात त्यांना बालपणीच मातीकामाची गोडी लागली. १९२५ साली ते शांतिनिकेतनात आले व नंदलाल बोस यांचे शिष्य झाले.

मोठे शिल्प घडवावयाचे, तर ब्राँझ हवे. परंतु त्यासाठी पैसा कोठून आणावा? रामकिंकर खचले नाहीत. त्यांनी लोखंडी सळ्यांचा सांगाडा उभारला आणि सिमेंटात तेथील तांबड्या जांभ्याची खडी कालवून त्यावर थापली. अशा रीतीने १९३८ साली ‘संथाळ कुटुंब’ हे भव्य शिल्प उघड्या माळावर उभे राहिले. त्यात राजा नाही, सेनापती नाही. आहे तो खांद्यावर कावड घेतलेला आदिवासी मजूर, त्याची पत्नी, मूल आणि सोबतीला कुत्रा!

पुढे दिल्लीच्या रिझर्व्ह बँकेच्या प्रवेशद्वाराशी त्यांनी दगडाचे प्रचंड यक्ष-यक्षी घडविले. त्यांनी साकारलेले रवींद्रनाथांचे मस्तक ब्राँझमध्ये ओतले गेले. साध्या कागदावरही त्यांनी जलरंगांत सुंदर निसर्गचित्रे काढली. १९७० साली त्यांना ‘पद्मभूषण’ हा सन्मान लाभला. २ ऑगस्ट १९८० रोजी ते निवर्तले. पण खडी-सिमेंटाचे ते कष्टाळू कुटुंब शांतिनिकेतनात आजही वाट चालत आहे.